न लावलेली धार

“म्यान एकीकडे आणि पातं दुसरीकडे, असं नको करूस. ज्याचा संसार त्याच्याजवळ,” असं म्हणत बाबांनी माझ्या हातातलं रिकामं म्यान काढून घेतलं आणि पलंगाच्या पार दुसऱ्या टोकाला, त्याच्या संगिनीला चिकटून ठेवलं.

“बाबा, सगळी सारखीच तर दिसतात.”

“तुझी आईपण हेच म्हणायची. पण दारातल्या चपलांच्या ढिगातून आपली चप्पल मात्र अंधारात ओळखायची.”

पलंगावर जुनी चादर अंथरली होती आणि तिच्यावर बाबांचा सगळा रविवारचा जन्म मांडलेला होता. बंदुकीच्या नळीला पुढून लावतात त्या संगिनी, खंदकात वापरायचे आखूड सुरे, छत्रीधारी सैनिकांचे दोर कापायचे चाकू. काही लांब आणि सडपातळ, काही बुटके आणि रुंद खांद्यांचे. एकाला तर पाठीवर करवतीसारखे दात होते. लहानपणी मी त्याला मगर म्हणायचे आणि त्या खोलीत एकटी जायचे नाही.

बाबा सैन्यात कधीच नव्हते. कुणी विचारलं तर सांगत, “छाती कमी भरली.” खरं म्हणजे त्यांनी कधी अर्जसुद्धा केला नव्हता. नोकरीभर ते सरकारी दवाखान्याच्या प्लास्टरच्या खोलीत होते. मोडलेला हात-पाय डॉक्टरांनी सरळ केला की त्याच्यावर ओलं प्लास्टर गुंडाळायचं आणि हाड सांधलं की ते कापून काढायचं, हे बाबांचं काम. ती कापायची यंत्राची करवत घूं घूं करायला लागली की मुलं दवाखाना डोक्यावर घेत. मग बाबा चालू करवत स्वतःच्या तळहाताला लावून दाखवत. “हे बघ. हिला फक्त कडक खाऊ लागतो. मी मऊ, तू मऊ. आपण हिला आवडत नाही.” प्लास्टरमधून बारीक, पांढुरकी पोटरी बाहेर आली की तिला म्हणत, “या, या. किती दिवसांनी.” आमच्या भागातल्या निम्म्या लोकांचे हातपाय बाबांच्या हाताखालून गेलेले. रस्त्यात चांगले मिशीवाले गृहस्थ थांबून बाही वर करत, “ओळखलंत का?” बाबा मनगट बघून म्हणत, “सायकल.” किंवा “पेरूचं झाड.” तोंडं मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत.

आई चिडवायची, “आठवडाभर हाडं जोडायची आणि रविवारी हाडं तोडायचं सामान घरी आणायचं.”

“रोज गोड खाणाऱ्याला एक दिवस तिखट लागतं गं,” बाबा म्हणायचे आणि तिच्याच शिवणयंत्राच्या कुपीतलं तेल चोरून पात्यांना लावायचे.

तेवढंच. तेल आणि मऊ फडकं. बाबांनी आयुष्यात एकाही पात्याला धार लावली नाही की चकाकी दिली नाही. त्यांचा तो धर्मच होता म्हणा. संगीन कारखान्यातून निघते तेव्हा बोथट असते, हे मला इतर मुलींना पाढे यायच्या आधी माहीत होतं. शांततेच्या काळात ती तशीच सैनिकाच्या कमरेला लटकते. लढाई ठरली की मगच हुकूम सुटतो आणि तिला धार लागते. “म्हणजे धार बघितली की कळतं, ही बाई कुठं कुठं जाऊन आली,” बाबा म्हणायचे. “तिच्या आयुष्यात आपण नवीन काही लिहायचं नाही.” जुन्या बाजारात त्यांचा एक मित्र होता. त्यानं एका गंजक्या संगिनीला चाकावर धरून धार लावली, तेव्हापासून बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. तो वारला तेव्हा त्याच्या घरी गेले, बसले, बायकोला धीर दिला, आणि येताना आईला म्हणाले, “माणूस चांगला होता. पण धार लावली त्यानं.”

आता हे सगळं विकायचं होतं. बाबांच्या गुडघ्याला त्यांचा जिना झेपत नव्हता आणि आम्ही तळमजल्यावर राहत होतो, म्हणून ते आमच्याकडे राहायला येणार होते. शिवाय आमची लेक, भुंगा. तिला नुकतंच चढता यायला लागलं होतं. खुर्ची, खुर्चीवरून टेबल, टेबलावरून खिडकी. आणि पोचली की टाळ्या वाजवायला दोन्ही हात सोडून द्यायची. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, बाबांना कसं सांगायचं. त्याआधी तेच म्हणाले, “हे आणि ती एका घरात राहणार नाहीत. आणि तिला काही विकता यायचं नाही.”

अट मात्र एकच होती. सगळं एकत्र जाईल. एकाच घरी, एकाच माणसाकडे. निवडून चार चांगली उचलायची आणि बाकीची भंगारात, असं नाही.

आणि तसा माणूस होता. बाबा त्याला काटा म्हणत, कारण तो घड्याळं दुरुस्त करायचा आणि अंगानंही तसाच होता. जुन्या बाजारातल्या रविवारांचा त्यांचा जोडीदार, आणि तो बाबांना प्लास्टर म्हणे. दुकानाच्या वरची खोली त्यानं रंगवून घेतली होती, काचेची कपाटं बसवली होती. बाबांच्या एकाही वस्तूला पावती नव्हती, कागद नव्हता. बाबांनी सांगायचं, “ही अमक्याकडून आली, हिला कुणी हात लावलेला नाही,” आणि काट्यानं मान हलवायची. एवढ्यावर सगळं जाणार होतं.

*

राहता राहिला माझा नवरा.

तो एका कारखान्याच्या उपाहारगृहात स्वयंपाकी आहे. शेकडो माणसांचा कांदा बोलता बोलता चिरतो. बाबा त्याला “जावईबापू” म्हणायचे, अहो-जाहो करायचे. तो त्यांच्यासमोर पाठीचा कणा ताठ ठेवून जेवायचा. दोघं एकमेकांशी इतक्या आदरानं बोलत की मध्ये मला दुभाष्यासारखं वाटे. बाबा येणार हे ठरल्यापासून नवऱ्यानं घरात दोन खिळे ठोकले, एक काढला, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला आणि मला किमान चारदा विचारलं, “त्यांना आवडेल ना गं?” तिकडे बाबा मला बाजूला घेऊन विचारत, “त्यांना अडचण नाही ना व्हायची?”

त्या दिवशी सकाळीच आम्ही तिघं बाबांकडे गेलो होतो. मांडामांड झाल्यावर बाबा म्हणाले, “मी खाली जाऊन दाढी करून येतो. येताना काट्यालाच घेऊन येईन. त्याला वेळेच्या आधी येऊन पायरीवर बसायची खोड आहे.” जाताना त्यांनी एक संगीन पलंगावरून उचलून स्वयंपाकघरातल्या टेबलावर वेगळी ठेवली. ती शेवटी दाखवायची होती.

तिचं नाव बिनलढाईची. ती बनली, तिला ग्रीस फासलं, पेटीत गेली आणि तिच्यासाठीचा हुकूम कधी सुटलाच नाही. कारखान्यातल्या चाकाच्या आडव्या रेघा तिच्यावर अजून जशाच्या तशा होत्या. कड नाण्यासारखी जाड. बाबांचा जीव होता तिच्यावर. “हिला मी चांगल्या बातमीसारखी ठेवलीय,” म्हणायचे.

मी आतल्या खोलीत भुंगाला निजवत होते. ती झोपताना माझा कान धरते, आणि झोप लागली की तिची बोटं एकेक करून कान सोडतात. करंगळी सगळ्यात शेवटी. त्या करंगळीची वाट बघत पडले असताना स्वयंपाकघरातून आवाज येत होता, खस्स, खस्स, थांबून पुन्हा खस्स. नवरा कामावरचा धार लावायचा दगड नेहमी पिशवीत बाळगतो. बाबांच्या सुरीला धार लावून ठेवतोय, असं वाटलं मला. बरं वाटलं.

मग जिन्यावर बोलणं ऐकू आलं. बाबांचा एक पाय जोरात आणि एक हळू.

“चढ रे, प्लास्टर. घड्याळ बंद पडलं तर चावी देता येते, तुला कुठून देऊ?”

“तू गप. तुझ्यापेक्षा माझा गुडघा बरा. निदान आवाज तरी करतो.”

काटा आत आला, मला “काय गं पोरी,” म्हणाला, पलंगाकडे बघितलं आणि खुर्ची ओढून बसला. टोपी काढून त्यानं ती मांडीवर ठेवली. मग बाबा एकेक पातं उचलून द्यायला लागले. ही कुणाकडून, ही कोणत्या पावसाळ्यात, ही घेताना दोघांचं भांडण कसं झालं. काटा डोळ्याला भिंग लावायचा, धारेवरून नजर फिरवायचा, म्यानात परत सरकवायचा. मगर हातात आल्यावर म्हणाला, “ही माझ्या नाकाखालून नेलीस तू.”

“तुझ्या नाकाखालून हत्तीही नेता येईल.”

बाबा इतके खुशीत मी आई गेल्यापासून बघितले नव्हते. ताजी दाढी, ताठ मान, हातात एकेक जुना रविवार. चादर रिकामी होत गेली आणि काट्याच्या बाजूचा ढीग वाढत गेला. सगळं जमणार, हे मलाही दिसत होतं.

“आता शेवटची,” बाबा म्हणाले आणि उठून स्वतः स्वयंपाकघरातून बिनलढाईची घेऊन आले. म्यानासकट, दोन्ही हातांवर आडवी.

नवरा त्यांच्या मागोमाग दारात येऊन उभा राहिला. खांद्यावर फडकं, तोंडावर हसू. एखाद्या पोरानं न सांगता सगळी भांडी घासून ठेवावीत आणि आता आईच्या लक्षात केव्हा येतंय याची वाट बघावी, तसं हसू.

काट्यानं पातं ओढलं. खोलीत एक पांढरी चमक फिरली.

त्यानं भिंग लावलं, पातं खिडकीकडे धरलं, उलटं केलं, पुन्हा धरलं. मग अंगठ्याचं नख धारेवर टेकवलं आणि नखाचं बारीक टरफल उडालं.

“ही ती नाही,” काटा म्हणाला.

“असं काय करतोस? तीच.”

“मग हात लाव.”

बाबांनी अंगठा लावला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून मला दिसलं. आधी त्यांना कळलंच नाही, मग कळलं, मग त्यांनी मान वर करून दाराकडे बघितलं. खांद्यावरचं ओलं फडकं. त्यामागे, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, अजून पाणी ठिबकणारा दगड. नवऱ्याचं हसू तोवर पडायला लागलं होतं. काहीतरी चुकलं आहे एवढंच त्याला समजलं होतं, काय ते नाही. तो पुढं आला आणि त्यानं तोंड उघडलं.

“जावईबापू,” बाबा म्हणाले, “जरा चहा टाका. काट्याला साखर नको, तो आधीच फार गोड आहे.”

नवरा तिथंच उभा.

“टाका ना,” बाबा पुन्हा म्हणाले, इतक्या हळुवार आवाजात की तो वळलाच. मग बाबांनी संगीन मांडीवर ठेवली. “धार मी लावली.”

काट्यानं भिंग काढलं. “तू.”

“मी.”

“तू धार लावलीस.”

“रिकामा बसलो होतो. वाटलं, बघावं एकदा.”

काट्याची नजर त्या दारातून सरळ ओट्याकडे गेली. घड्याळाच्या पोटातलं केसाएवढं चाक ज्याला दिसतं त्याला ठिबकणारा दगड दिसला नसेल, असं होणार नाही. तो बराच वेळ तिकडे बघत राहिला. मग बाबांकडे वळला.

“पुन्हा विचारतो, प्लास्टर. नीट विचार करून सांग. कुणी लावली?”

बाबांना एक शब्द पुरला असता. घरातलाच माणूस, चुकून झालं, चांगल्या मनानं केलं. काटा दोन शिव्या हासडून गाडी बोलावायला गेला असता. सगळं काचेच्या कपाटांत गेलं असतं, ठरल्याप्रमाणे, एकत्र.

“सांगितलं ना. मी.”

काटा उठला, खिडकीपाशी गेला, परत आला.

“मग मी बाकीच्यांचं काय धरू? तू म्हणालास हात लावलेला नाही, म्हणून मी मान हलवली. आता तूच म्हणतोस, रिकामा बसलो होतो.” त्याचा आवाज चढला नाही, उलट फार खाली गेला. “उद्या माझ्याकडे कुणी बघायला आलं, तर काय सांगू? प्लास्टरचा शब्द आहे, असं?”

“नको सांगूस,” बाबा म्हणाले.

आत चहाचं पाणी उकळून उतू गेलं आणि विस्तवावर चर्रर झालं.

काट्यानं ढिगातून पाती वेगळी काढायला सुरुवात केली. ज्यांच्यावर कारखान्याच्या खुणा आणि जुनं ग्रीस होतं, ज्यांना कुणाच्या शब्दाची गरज नव्हती, तेवढी. फार नव्हती ती. मगर त्यात नव्हती. चादर पुन्हा भरली. बाबा स्वतः त्याला फडकी देत होते, गुंडाळायला दोरी देत होते, गाठ कुठं मारायची ते सांगत होते. नवरा चहाचे कप घेऊन आला. काट्यानं कप घेतला आणि त्याच्याकडे वर बघून म्हणाला, “चहा बरा करतोस.” मग चहा संपवून त्यानं बाबांच्या मांडीवरची बिनलढाईची उचलली.

“हीपण नेतो.”

“अरे, ती तर बिघडली.”

“म्हणूनच. बाकीच्यांना कुणी काय केलं ते मला ठाऊक नाही. हिचं ठाऊक आहे.” त्यानं ती म्यानात सरकवली. “रविवारी ये बाजारात.”

“गुडघा बघून सांगतो.”

“गुडघ्याला सांग, मी बोलावलंय.”

*

नवऱ्याला सगळं मी स्वयंपाकघरात सांगितलं. तो ओट्याला धरून उभा राहिला. “बोथट होती,” एवढंच म्हणत राहिला. “मला वाटलं, त्यांच्या हातानं आता होत नसेल. विकायचं सामान बोथट कसं द्यायचं?” ज्या माणसाचं पोट धारेवर चालतं त्यानं दुसरं काय समजावं? मग तो बाहेर गेला. बाबा चादरीच्या कडेला बसून उरलेली म्यानं आपापल्या संगिनींपाशी लावत होते.

“तुम्ही खरं का नाही सांगितलंत?”

“बसा.”

“बसत नाही. मी आत्ता जातो त्यांच्या मागं. सांगतो, मी केलं म्हणून.”

“तो घड्याळजी आहे. तुम्ही पोचायच्या आत त्याला माहीत असतं.” बाबांनी त्याच्यासाठी सरकून जागा केली. “जावईबापू, उद्यापासून मी राहायला कुणाकडे येतोय? काट्याकडे?”

नवरा बसला.

“माझं वय बघा. तुमच्या घरी आल्यावर मी चष्मा फ्रिजमध्ये ठेवणार. नळ चालू ठेवून झोपणार. दूध तर उतू घालवणारच. तेव्हा पाहुण्यांसमोर म्हणाल ना, मीच घालवलं म्हणून?”

नवऱ्यानं मान हलवली. आतून भुंगानं उठल्याचा पुकारा केला, तेव्हा दोघंही एकदम उभे राहिले आणि दोघांनाही सुटल्यासारखं झालं.

उरलेलं सगळं नाटकांना सामान पुरवणाऱ्या एका माणसानं नेलं. धारा घासून गुळगुळीत करणार आणि लांबून चमकावं म्हणून चंदेरी रंग देणार, असं त्यानं सांगितलं. बाबांनी त्याला प्रत्येकीचं नाव-गाव सांगायला सुरुवात केली. तो घाईत होता. “आजोबा, आम्हाला एकाच मापाची असली म्हणजे झालं,” म्हणाला. बाबा हसले. “मग लांब एकीकडे, आखूड एकीकडे बांधा,” म्हणाले आणि म्यानं वेगळी करून त्याच्या पोत्यात घातली.

*

आमच्या घरी आल्यावर काही दिवस बाबा पाहुण्यासारखे वागले. कुणी उठायच्या आत अंथरुणाची घडी. पाणी प्यायचं तरी, “घेऊ का गं?” भुंगा तेवढी त्यांना घरची समजत होती, त्यांच्या बऱ्या गुडघ्यावरून चढून दुखऱ्यावरून उतरायची.

नवऱ्यानंही त्या दिवसापासून घरातल्या सुऱ्यांना हात लावला नव्हता. कामावर काय करायचा कोण जाणे, पण घरात दगड डब्यांच्या मागे गेला तो गेलाच. त्याला ‘धार लाव’ म्हणायचा मला धीर होत नव्हता.

एका सुट्टीच्या सकाळी बाबांनी ताटलीतला टोमॅटो उचलून डोळ्यांजवळ नेला. “हा कापलाय की बदडलाय?”

“सुरी बोथट झालीय,” मी म्हणाले.

नवरा खिडकीबाहेर बघत राहिला. बाबा उठले. कुणाला न विचारता त्यांनी फळीवरचे डबे सरकवले, मागून दगड काढला, नळाखाली धरून भिजवला आणि ओल्या फडक्यावर नवऱ्यासमोर ठेवला. मी भुंगाला कडेवर घेऊन दारात उभी राहिले. ती दोन्ही हात पुढं करून ओढ घेत होती.

बाबांनी स्टूल ओढलं, खणातल्या सगळ्या सुऱ्या मांडीवरच्या फडक्यात घेतल्या आणि नवऱ्याशेजारी बसले. पहिली सुरी त्यांनी उचलली. पातं स्वतःच्या मुठीत धरलं आणि लाकडी मूठ त्याच्यापुढे केली.

“धर,” ते म्हणाले.

नवऱ्यानं सुरी घेतली. खस्स, खस्स. झाल्यावर बाबांनी ती घेतली, अंगठा लावून बघितला, बाजूला ठेवली आणि दुसरी तशीच पुढं केली.